मुक्ताच्या नावावर

अण्णा, तुम्ही रात्री चामराजपेटेतल्या बेघरांच्या निवाऱ्यात झोपता, ही गोष्ट मराठी मंडळात माझ्या मुलीनं, मुक्तानं, सांगितली नव्हती. मी सांगितली. हे आजवर मी कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, आणि मुक्ताला तर नाहीच. तुम्हाला सांगायची एक संधी चालून आली होती, तीही मी घालवली. आता तुम्ही गेलात, आणि मंडळानं वार्षिक अंकासाठी तुमच्यावर लेख मागितला आहे, तोही माझ्याकडेच. अध्यक्षबाई फोनवर म्हणाल्या, तुमचा त्यांच्याशी जुना घरोबा, सुधीरराव, तुम्हीच लिहा. पानभर पुरे. जरा हळवं लिहा.

फोन ठेवून मी कागद पुढे ओढला.

तुम्ही गेल्याचं मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलं ते असं: ‘आपल्या सर्वांचे लाडके अण्णा, साक्षात अन्नपूर्णेचा वरदहस्त.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. त्या रांगेच्या मध्येच कुणीतरी विचारलं होतं की कोजागिरीला दूध किती लिटर सांगायचं. मीही दोन जोडलेले हात टाकले. अंगठ्यानं. टीव्ही बघत.

माझ्या मुंजीत तुम्ही नुकतेच बेळगावकडून आलेले, हडकुळे, मोठ्या आचाऱ्यांच्या हाताखाली. डोक्याचा गोटा झाला म्हणून मी राजाजीनगरच्या घरामागे, चुलाणांच्या धुरात रडत बसलो होतो. नैवेद्य व्हायचा होता. त्याआधी कुणी बोटसुद्धा लावायचं नाही, तुम्हीही चाखायचं नाही. वाफेवर तोंड धरून मीठ ओळखायचं. अशा कडक सोवळ्यातून तुम्ही पुरणाचा एक गरम गोळा माझ्या हातावर ठेवलात. म्हणालात, ‘देव बघतोय, खरं रागवत नाही.’ तुमच्याकडे ‘पण’ऐवजी ‘खरं’ म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, तुम्ही देवाबद्दल काहीतरी खात्रीनं सांगताय. पुढे ताईच्या लग्नातलं, मुक्ताच्या बारशातलं, आमच्याकडच्या प्रत्येक श्राद्धातलं जेवण तुमच्या हातचं. बेंगळुरूतल्या आमच्या मराठी घरांना आपण मराठी आहोत असं वर्षातून जे काही दिवस वाटतं, ते तुमच्या पोळीमुळे वाटायचं. भाषणांमुळे कधी वाटलं नाही. हे मी तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नाही. आपल्यात आचाऱ्याला ‘झकास झालंय’ म्हणतात आणि हात धुवायला उठतात.

तुमची खोली गेली तेव्हाचंही लिहितो. घरमालकानं मागची चाळवजा घरं पाडून पोरांसाठी पीजी बांधायला घेतलं. वहिनी आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. एकट्या म्हाताऱ्याला या शहरात घर कोण देणार, आणि वर तो दहा महिन्यांच्या भाड्याचा अॅडव्हान्स. तुम्ही कमिटीपुढे येऊन विचारलंत की मंडळाच्या मागच्या सामानखोलीत, जिथे तुमची पातेली आणि सोवळ्याची ट्रंक असते, तिथे रात्रीपुरतं पडलं तर चालेल का. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग कुणीतरी म्हणालं की असा पायंडा पडला तर उद्या वॉचमनही मागेल. ते कुणीतरी म्हणजे मी. ‘पायंडा’ हा शब्द माझा. तुम्ही म्हणालात, ‘सरी सरी, बरं, राहू द्या की,’ आणि लगेच विचारलंत, शनिवारच्या भजनाला माणसं किती. तुम्ही आता जाणार कुठे, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. चहा आला. तो आम्ही प्यायलो.

त्याच वर्षी मुक्ताच्या इंजिनिअरिंगच्या कॉलेजात समाजसेवेचे तास भरायचे होते. वर्गातल्या बहुतेकांनी झाडं लावली, फोटो काढले, सुटले. तिनं निवारा निवडला. दर शनिवारी संध्याकाळी मी तिला गाडीनं सोडायचो, आणि समोरच्या अगरबत्तीच्या दुकानापाशी काचा वर करून थांबायचो. तरी वास आत यायचा. फिनेल, ओल्या घोंगड्या, बिडी, आंबलेला भात, आणि या सगळ्याच्या तळाशी न धुतलेल्या माणसाचा एक गोडसर, जाड वास. ती परत आली की मी गाडीचा एसी बंद करून काचा खाली घ्यायचो. घरी न्हाणीघरात बादलीत डेटॉल घालून ठेवलेलं असे. कपडे वेगळे, चपला बाहेर.

‘बाबा,’ ती एकदा म्हणाली, ‘मी रोग्यांकडे नाही जात. घर नसलेल्यांकडे जाते.’

एकदा ती उवा घेऊन आली. हिनं डोक्याला हात लावला, मी तर दोन दिवस तिच्या शेजारी बसलो नाही. मुक्ता फणी फिरवत हसत होती. म्हणे, उवांना काय, त्यांना इंजिनिअरचं डोकंही चालतं. ती तिथे वाढायची, बायकांचे केस विंचरायची, पुरुषांची नखं कापायची. तिच्या तोंडून मला तिथली माणसं कळत होती, आणि मी ऐकता ऐकता विषय बदलत होतो.

मग तो शनिवार. तिचा फोन गाडीत राहिला आणि एकसारखा वाजायला लागला. द्यायला म्हणून उतरलो. नाकाला रुमाल. दारात वॉर्डन लक्ष्मक्का होती. तिनं हसून ‘बन्नी सर, ऊटा आयता?’ म्हणून मी जेवलो का विचारलं. मी घाईनं हो म्हणालो. नाही म्हटलं तर हातात ताट येईल ही भीती. आत लांबलचक खोली, चटया, भिंतीला टेकलेली माणसं. आणि जमिनीवर मांडी घालून मुक्ता. तिच्या मांडीवर एक पाऊल. पिवळं, भेगाळलेलं, शिंपल्यासारख्या जाड नखाचं पाऊल, पाण्यात भिजवून फुगलेलं. ती वाकून नेलकटर लावत होती, आणि पावलाचा मालक हसत होता. बनियन, विटकी लुंगी. सोवळ्याशिवाय तुम्हाला मी कधी पाहिलंच नव्हतं. मी तुम्हाला हसण्यावरून ओळखलं.

माझ्या मनात तेव्हा दया आली नाही, अण्णा. पुढे मी स्वतःशी तसं बऱ्याचदा रंगवलं, पण ती आली नव्हती. आधी मला माझ्या मुलीची मांडी दिसली आणि तिच्यावरचं ते पाऊल. मग आठवला आदल्याच आठवड्यात सत्यनारायणाला तुमच्या हातचा खाल्लेला शिरा. तो घशाशी आला. फोन लक्ष्मक्काच्या हातात देऊन मी बाहेर पडलो आणि गाडीचं दार उघडून गटारात थुंकत राहिलो.

तुम्ही मला पाहिलं नव्हतं. मुक्तानंही नाही, फोन बाबा देऊन गेले एवढंच तिला लक्ष्मक्कानं सांगितलं असावं. परत येताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आज काय केलं. ती म्हणाली, नखं कापली. कुणाची? एका आजोबांची. एवढंच. खिडकीबाहेर बघत राहिली. तुम्ही तिच्याकडून वचन घेतलं होतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण ती काहीतरी झाकतेय हे बापाला कळतंच. तिनं माझ्यापासून ते झाकलं याचा मला राग आला होता, हेही आज लिहून टाकतो.

त्यानंतर आमच्याकडे आईचं श्राद्ध होतं. तुम्ही नेहमीसारखे पहाटे आलात, न्हाऊन, पांढऱ्याशुभ्र सोवळ्यात, कपाळाला गंध. मुक्तानं दोनदा खीर मागून घेतली. मी तुमच्या हातांकडे बघत होतो. नखं छान कापलेली, स्वच्छ. ती कुणी कापली हे मला माहीत होतं आणि घास उतरत नव्हता. तुमच्या ते लगेच लक्षात आलं.

‘साहेब, काय चुकलं? मीठ?’

अॅसिडिटी आहे म्हणून सांगितलं. थोड्या वेळानं तुम्ही माझ्यासाठी वाटीत आलं-लिंबू करून आणलंत. ते मी तुमच्या देखत ओठाला लावलं आणि तुम्ही वळल्यावर कुंडीत ओतलं.

गणपतीच्या आधीची कमिटीची बैठक. महाप्रसादाची यादी चालली होती, किती पोळ्या, किती वरण. मध्ये बशीत तुम्हीच करून दिलेला चिवडा. मी म्हटलं, अण्णा हल्ली राहतात कुठे, कुणाला ठाऊक आहे का? सगळ्यांनी वर पाहिलं. मी सांगितलं. निवारा, चटया, वास, सगळं. जरा जास्तच चांगलं वर्णन केलं असेल. मला तेवढं छान बोलता येतं हे मलाच ठाऊक नव्हतं. एकानं हातातली चिवड्याची मूठ हळूच बशीत परत टाकली. बशी टेबलाच्या कडेला सरकली. अध्यक्षबाईंनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

‘मुक्ता जाते ना तिथे,’ मी म्हणालो.

आणि तिथे थांबलो. वाक्य खरं होतं. मुक्ता तिथे जात होती. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं, हे पुढचं मी गिळलं, कारण मग विचारलं असतं की पाहिलंत तर तिथे त्यांच्याशी बोललात का नाही, आणि सामानखोली नाकारणारेही तुम्हीच ना. अध्यक्षबाईंनी चुकचुक केलं. ‘बिचारी पोर, सांगताना किती जड गेलं असेल.’ मी मान हलवली. मग हायजीन हा शब्द निघाला, आणि तो निघाल्यावर सगळ्यांना फार बरं वाटलं. भावनेचा प्रश्न नाही, हायजीनचा आहे. वयस्कर लोक असतात, लहान मुलं असतात. ज्या माणसाला आम्ही एक कोपरा दिला नाही, तो आमच्या कोपऱ्याशिवाय जिथे झोपला त्याची आम्हाला शिसारी आली. हे त्या खोलीत कुणाच्याच डोक्यात आलं नाही असं नाही. माझ्या आलं होतं. मी ते आलं तसं जाऊ दिलं.

तुम्हाला सामानखोलीतून ट्रंक न्यायला सांगितली तेव्हा, तुमचं समाधान व्हावं म्हणून की काय, खरं कारणही सांगून टाकलं. सुधीररावांच्या मुलीकडून कळलं म्हणे.

पुढच्या शनिवारी मुक्ता नेलकटर घेऊन तुमच्यासमोर बसली आणि तुम्ही पाय घोंगडीखाली ओढून घेतलेत. तिनं मला गाडीत सांगितलं, शब्दन् शब्द. तुम्ही म्हणालात, ‘पुट्टी, तुला सांगितलं होतं की गं. पोटाचं होतं ते.’ एवढं बोलून भिंतीकडे वळलात. पुट्टी म्हणजे छोटी, कानडीतलं लाडाचं. ओरडला असतात तर तिला सोपं गेलं असतं. ती रडत रडत एकच म्हणत होती.

‘मी तुम्हालासुद्धा सांगितलं नव्हतं, बाबा.’

सिग्नल लाल होता. मी म्हटलं, लोकांचं काय, कुणीतरी पाहिलं असेल. मग माझं नाव का घेतलं, तिनं विचारलं. तू जातेस ना तिथे, म्हणून असेल, असं मी म्हणालो आणि रेडिओ लावला. कुठलंसं कानडी गाणं लागलं. ते संपेपर्यंत मी आवाज कमी केला नाही.

घरी तिनं आईला सांगितलं. आईनं जवळ घेतलं, पण म्हणाली, राहिलं नसेल गं पोटात, चुकून गेलं असेल मैत्रिणीपाशी. मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. मी दहीभात कालवत होतो. तो मी संपवला. स्वतःची किळस येणं म्हणजे काय, हे मला त्या दहीभातापासून कळलं. तोवर किळस ही दुसऱ्याचीच असते असा माझा समज होता.

त्या वर्षीचा महाप्रसाद केटररनं केला. प्लास्टिकचे हातमोजे, डोक्याला टोप्या, यंत्रावरच्या एकसारख्या पोळ्या, गोड आणि मेलेल्या. मी हात धुवायला मागे गेलो तर त्याची पोरं गटाराशेजारी त्याच पाण्यात पातेली विसळत होती. आत लोक म्हणत होते, या वेळी किती नीटनेटकं झालं. ती पोरं रात्री कुठे झोपतात हे कमिटीत कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मुक्तानं निवारा सोडला. उरलेले तास तिनं कुठल्याशा बागेत रोपं लावून भरले. समाजकार्याचं शिकायचं म्हणत होती, ते बोलणंही बंद झालं. आता एचएसआर लेआउटला असते, लोकांच्या दारात झटपट किराणा पोचवणाऱ्या एका कंपनीत. ती कदाचित तशीही तिकडेच गेली असती. तिचं आयुष्य माझ्यामुळे बिघडलं असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं करणं होईल. पण ती एक खोटा आळ घेऊन फिरते आहे, आणि तो मी लावलेला आहे, एवढं नक्की.

आणि आता ती संधी. मार्केटच्या बाहेर आपण अचानक समोरासमोर आलो, आठवतं? तुमच्या पिशवीत सांबाराचे कांदे होते. मी काही विचारायच्या आत तुम्हीच सांगायला लागलात की आता निवाऱ्यातच रांधतो, रोजचा भात-सांबार. डोळे बारीक करून म्हणालात, ‘मीठ चाखून बघतो की आता. तिथं देव आधी जेवायचा नसतो.’ तुम्ही हसलात आणि तुमच्या सदऱ्याचा वास आला, तो तळघरातल्यासारखा ओला वास, आणि मी अर्धं पाऊल मागे गेलो. पायच गेला. तुम्ही ते पाहिलंत, आणि स्वतःच एक पाऊल मागे सरकलात, मला सोयीचं व्हावं म्हणून. मधे तेवढं अंतर ठेवून तुम्ही म्हणालात:

‘पोरीला सांगा, माझ्या मनात काही नाही. लहान आहे, तोंडातून गेलं असंल. मीच तिला तसं बोलायला नको होतं. एकदा येऊन जा म्हणावं.’

मी म्हणालो, सांगतो.

हे म्हणायला मला काहीच जड गेलं नाही. तुम्ही माझ्या मुलीला माझ्या गुन्ह्याची माफी देत होता, आणि मी ती पोस्टमनसारखी घेत होतो. मग तुम्ही सवयीनं विचारलंत, अॅसिडिटी कशी आहे. बरी आहे म्हणालो. ऑटोवाला हॉर्न मारत होता.

मी तिला सांगितलं नाही. कारण साधं आहे. ती आली असती, तुमच्याजवळ बसली असती, तुम्ही दोघं मोकळं बोलला असतात. तिनं शपथेवर सांगितलं असतं की मी नाही, आणि तुम्हाला ते पटलं असतं, कारण तिचं कुणालाही पटतं. मग तिसरा कोण, हे शोधायला तुम्हाला कितीसा वेळ लागला असता? तुमची भेट झाली नाही ती माझ्या सोयीसाठी.

अंत्यविधीला मी गेलो होतो. निवाऱ्यातली थोडी माणसं, लक्ष्मक्का, आणि मंडळाच्या नावाची पट्टी लावलेलं एक मोठं पुष्पचक्र. पुष्पचक्राचा फोटो काढून झाल्यावर ते आणणारा निघून गेला. लक्ष्मक्कानं माझ्या मागे कुणी आहे का बघितलं आणि विचारलं, ‘मगळु बरलिल्लवा सर?’ मुलगी नाही आली का. मी म्हटलं, तिला कामातून सुट्टी नाही. तिला मी कळवलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी तिला ग्रुपवरून कुणीतरी कळवलं आणि तिचा फोन आला. कधी गेले, कसे गेले, विचारलं. मग म्हणाली:

‘त्यांना शेवटपर्यंत मीच वाटत होते ना, बाबा?’

ते वाक्य माझ्यासमोर ठेवलं होतं. नुसता हात पुढे करायचा होता. मी म्हणालो, असं काही नसतं गं, जेवलीस का.

तुमच्या हातचं मी इतकी वर्षं खाल्लं, अण्णा, आणि त्याबद्दल तुमचे आभार मानायला बसलो की दर वेळी ते कुंडीत ओतलेलं आलं-लिंबू आठवतं. तरी मानतो. मुंजीतल्या त्या गोळ्यासाठी मानतो, माझ्या मुलीला तुम्ही पुट्टी म्हणालात त्यासाठी मानतो. मार्केटबाहेर तुम्ही जे मागे सरकलात त्याचे आभार मानता येत नाहीत. ते मला सहन होत नाही.

हा लेख मंडळ छापणार नाही. अध्यक्षबाई म्हणतील, सुधीरराव, हे अंकाच्या प्रकृतीला धरून नाही. मग त्या स्वतःच पानभर हळवं लिहितील, त्यात अन्नपूर्णा असेल. असू दे. हे छापून येण्याशी माझी सुटका बांधलेली नाही, आणि हे लिहून झालं म्हणून मी काही फेडलं असंही नाही. गेलेल्या माणसापुढे कबुली देणं सोपं आहे, तो पाय ओढून घेत नाही.

मुक्ता या रविवारी जेवायला येणार आहे. तुम्ही तिला बोलावलं होतं हे मला तिला सांगायचं आहे, आणि तिचं नाव मी घेतलं होतं हेही. दोन्ही अजून सांगितलेलं नाही.